तोंडं भिंतीकडे

मसाटच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटायची वेळ झाली आहे आणि तुम्ही एका भंगारवाल्याच्या छपराखाली उभे आहात. तुम्हाला पोतंभर धागा हवा आहे. चांगला नको, वेस्ट हवा. यंत्रावर तुटलेला, गुंतलेला, कोनवरून उतरवून फेकलेला पॉलिएस्टर धागा. सिल्वासाच्या आजूबाजूला, मसाट, रखोली, सामरवरणी, खडोली या पट्ट्यात तो मुबलक मिळतो. करसवलतींमुळे इथे कारखाने आले आणि दादरा-नगर हवेलीचं नाव साऱ्या देशाच्या कापडबाजारात धाग्यासाठी ओळखलं जाऊ लागलं.

पोत्यात हात घाला. बोटांना केसांसारखं काहीतरी लागतं. कारखान्यात येतो तेव्हा हा धागा सरळसोट आणि गुळगुळीत असतो. त्याला पॉय म्हणतात. यंत्र त्याला तापवतं, तापलेला असतानाच पीळ देतं, पिळातच थंड करतं आणि मग पीळ सोडून देतं. पीळ सुटला तरी धागा मूळपदावर येत नाही. जो बाहेर पडतो तो डीटीवाय, कुरळा, फुगीर, मऊ. गरम चिमट्याने बटा वळवणारी बाई नेमकं हेच करते. तिच्या बटा पाण्याने सरळ होतात, पॉलिएस्टर होत नाही, एवढाच फरक.

तुमच्या डोक्यात एक शिल्पमालिका आहे. बायकांची डोकी, ओळीने, प्रत्येक डोकं वेगळ्या काळातलं. माती, प्लास्टर, तार, कापड, प्लास्टिक, जे ज्या काळाला शोभेल ते, आणि सगळ्यांचे केस मात्र मसाटच्या धाग्याचे. एक नियम तुम्ही स्वतःच घालून घेतला आहे: सगळी तोंडं भिंतीकडे. पाहणाऱ्याला दिसणार फक्त माना आणि केस. हा नियम मला पटतो. आपल्याकडची केशरचना शतकानुशतकं मानेवर राहिली, डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे जिची तिलाच ती दिसत नाही. ती नीट पाहायची तर मागूनच पाहायला हवी. आणि त्यासाठी प्रत्येक काळात जाऊन त्या बाईच्या पाठीमागे उभं राहायला हवं.

चला तर. पोतं खांद्यावर घ्या.

इसवी सनाचं पहिलं शतक. भोकरदन, आज जालना जिल्ह्यात आहे ते. तेव्हा त्याचं नाव भोगवर्धन, उज्जैनकडून पैठणकडे जाणाऱ्या वाटेवरचं भरभराटीचं गाव. तुम्ही हस्तिदंत कोरणाऱ्याच्या कोढीत बसला आहात. पांढरी भुकटी त्याच्या मांड्यांवर साचली आहे. त्याच्या हातातली मूर्ती वीतभरापेक्षा थोडी मोठी: एक तरुणी, दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. गळ्यात हार, हातभर कंकणं, कमरेला मेखला. समोरची बाजू पुरी झाली आहे. तुम्हाला वाटतं, काम संपलं. तो मूर्ती उलटी करतो आणि पाठीवरच्या वेणीला हात घालतो.

ही वेणी कोण पाहणार होतं? मूर्तीच्या डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय. तरी पाठीवर लोंबणारी वेणी त्याने सोडली नाही. ज्या मूर्तीबद्दल मी बोलतो आहे ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या एका घरात सापडली, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि या भोकरदनला मिळाल्या. त्यामुळे पॉम्पेईची ती बाई आपल्याच मुलखातून समुद्र ओलांडून गेली असं बरेच अभ्यासक मानतात. रोमन श्रीमंताच्या घरी दख्खनची वेणी पोचली, तीही मागच्या बाजूसकट.

हस्तिदंत तुम्हाला घेता येणार नाही, त्याचा व्यापार आता गुन्हा आहे. कारखान्यात धागा ज्यावर गुंडाळतात ती पांढरी नळी उचला. लांबी साधारण जमते. तिच्या मागे धाग्याची जाड वेणी सोडा, कमरेच्या खालपर्यंत. पहिलं डोकं झालं.

यानंतर तुम्ही अठराशे वर्षं ओलांडता. अजिंठ्याला थांबायचा मोह होईल, सतराव्या लेण्यातली आरसा घेतलेली राजकन्या खुणावेल, पण तिथे भिंतीवरचं चित्र आहे, त्याच्या मागे जाता येत नाही. आपल्याला मान हवी.

१८९०. मुंबई. इथे जी बाई बसली आहे तिच्या मागे उभं राहायची तुमची छाती होत नाही. पाटावर एक पोर आहे, पंधरा-सोळा वर्षांची असेल. मागे न्हावी, शेजारी पितळी वाटीत पाणी. तिचा नवरा गेला आहे. वस्तरा कपाळापासून सुरू होतो आणि मानेपर्यंत जातो. न्हाव्याची नजर कुठे आहे ते बघा. तो तिच्याकडे बघत नाही. ही गोष्ट केवळ माझी कल्पना नाही म्हणायला आधार आहे: याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं. लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी आणि जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. शास्त्री-पंडित या विषयावर वर्तमानपत्रांत शाई वाळवत बसले होते तेव्हा ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. केशवपनाच्या इतिहासात ही सभा जितकी ठळक लिहिली जायला हवी तितकी लिहिली गेली नाही, असं माझं मत आहे.

पंडिता रमाबाईंचं शारदा सदन त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत सुरू झालं होतं. तिथे आलेल्या बालविधवांपैकी एक गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. विधवेने पुन्हा केस वाढवणं ही त्या काळात घरादाराला, गावाला दिलेली उघड जबानी होती. वीतभर केस वाढले तरी गावभर चर्चा.

या डोक्यासाठी धागा नको. लाल अलवण घ्या आणि पदर कपाळापासून मानेपर्यंत ओढून घ्या. सगळ्या ओळीत हे एकच डोकं असं की मागे उभं राहूनही काही दिसत नाही.

मग १८९६. सर ज. जी. कलाशाळा. एक तरुण विद्यार्थी ओल्या प्लास्टरसमोर उभा आहे. त्याचं नाव गणपतराव काशिनाथ म्हात्रे. त्याच्यासमोर देवळाकडे निघालेली एक मराठी तरुणी आकाराला येते आहे: नऊवारी, हातात पूजेचं सामान, एक गुडघा किंचित वाकलेला. ही 'मंदिरपथगामिनी'. पुढे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात तिने सगळ्यांना थक्क केलं, आणि तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथांनी तिच्यावर कौतुकाचा लेख लिहिला. तोवर कलाशाळेत विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांचे साचे गिरवत होते. ग्रीक देवतेच्या जागी नऊवारीतली बाई उभी करायची ही त्या मुलाची हिंमत.

तिची छायाचित्रं बहुतेक समोरून घेतलेली असतात. तुम्ही मागे जा. लुगड्याचा काष्टा कसा खोचला आहे, पदर पाठीवर कसा उतरला आहे, आणि मानेवर केस कसे बांधले आहेत, हे तिथून कळतं. चित्रकाराला मागच्या बाजूची सुटका असते. शिल्पकाराला नसते. म्हात्र्यांनी ती बाजू टाळलेली नाही.

त्यांनी प्लास्टरमध्ये जे गोठवलं ते रोज सकाळी कसं घडायचं ते पाहायला कलाशाळेतून चालत गिरगावात जा. एका चाळीच्या गॅलरीत आई पाटावर बसली आहे, तिच्या पुढ्यात पाठ करून मुलगी. तेलाची वाटी, शिसवी फणी, आणि मांडीवर काळी आगवळ. आधी तेल, टाळूपासून बोटांनी जिरवत. मग गुंता सोडवायचा, आणि तो टोकाकडून वर, मुळाकडून नव्हे. मुळाकडून ओढला की पोर किंचाळते. "मान सरळ ठेव गं." फणीचं टोक भांगात फिरतं, डोक्यावर एक पांढरी रेघ उमटते. केस एका मुठीत घेऊन मुळाशी आगवळ आवळली जाते, इतकी घट्ट की मुलीच्या भुवया वर चढतात. मग तीन पेड. उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर, बघता बघता वेणी उतरते, टोकाला आगवळीचा उरलेला भाग गुंफून गाठ. शेवटी ती वेणी मानेवर गोल फिरवायची, आकडे खुपसायचे, आणि वर तळहात एकदा दाबायचा. सणासुदीला त्यावर राखडी, मूद, अग्रफूल, केवड्याचं पान. आज नुसती अबोलीची वेणी. सगळ्या वेळात आईला मुलीचं तोंड दिसलेलं नाही आणि मुलीला आपला खोपा दिसलेला नाही. हात मात्र कुठेही अडत नाहीत.

हे डोकं प्लास्टरचंच करा. धागा तेलात बुडवा, नाहीतर तो चमकत राहील. आकडे खरे लावा, जुन्या बाजारात मिळतात.

१९११, पुन्हा मुंबई, पण आता नाटकगृहाच्या विंगेत. 'मानापमान' चालू आहे आणि भामिनी रंगमंचावर आहे. प्रेक्षकांना जी दिसते ती सुकुमार तरुणी. तुम्ही विंगेत आहात, त्यामुळे तुम्हाला मागची बाजू दिसते: टोप कुठे बसवला आहे, गंगावन कुठे जोडलं आहे, घामाने ओली झालेली मान. नारायण श्रीपाद राजहंस, बालगंधर्व. त्यांचं लुगडं नेसणं, त्यांची केसांची ठेवण, गजरा माळायची तऱ्हा, हे पाहून घरंदाज बायका घरी जाऊन तसं करून बघत. एका पुरुषाने मराठी बाईला तिचा अंबाडा कसा असावा ते शिकवलं, आणि शिकणाऱ्या बायकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना टोपाचे बंद दिसत नव्हते, एवढंच.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीचं काम अण्णा साळुंके करतात, कारण पडद्यावर यायला बाई मिळत नाही. तिथेही टोपच. पण इथे एक गोष्ट बदलली आहे आणि ती तुम्ही नीट बघून ठेवा. नाटकात पात्र वळतं, फिरतं, पाठ दाखवतं. कॅमेरा मात्र एकाच जागी डोळा लावून बसलेला असतो आणि त्याला चेहरा हवा असतो.

मधे लंडनला एक उभ्या उभ्या फेरी मारून घ्या. १९०६. कार्ल नेसलर नावाचा जर्मन केशकार बायकांच्या बटा पितळी दांड्यांवर गुंडाळून विजेच्या उष्णतेने कायमच्या कुरळ्या करून दाखवतो आहे. दांड्या इतक्या जड की त्या छताला टांगलेल्या साखळ्यांनी तोलाव्या लागतात. सुरुवातीचे प्रयोग त्याने स्वतःच्या बायकोवर केले आणि तिचे केस जाळले. तापव, पिळात ठेव, थंड कर: खांद्यावरच्या पोत्यात जो धागा आहे त्याच्यासारखंच तंत्र इथे आहे, फक्त इथे ते जिवंत डोक्यावर चाललं आहे.

विसाव्या शतकाच्या तिशी-चाळिशीत फार रेंगाळू नका. प्रभातचे बोलपट येतात, मुली कपाळाच्या दोन्ही बाजूंना फुगे काढू लागतात. मात्र एखाद्या शहरातल्या फोटो स्टुडिओत डोकावा. स्थळाला पाठवायचा फोटो काढला जातो आहे. मुलगी खुर्चीला धरून उभी. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरणार तोच तिची आई लगबगीने पुढे होते आणि मुलीचा शेपटा पाठीवरून उचलून खांद्यावरून पुढे सोडते. केसांची लांबी मुलाकडच्यांना कळायला हवी ना! कॅमेरा मागे जाणार नाही हे त्या माउलीने ओळखलं आणि केसच पुढे आणले. माझ्या मते मराठी केशरचनेतला सगळ्यात मोठा बदल या एका हालचालीत आहे. सिनेमाच्या नट्यांनी नंतर जे केलं ते तिने आधीच केलं होतं.

आता १९५४ चा वैशाख, आणि तुम्ही परत मसाटला आहात. कारखाने नाहीत, डांबरी रस्ता नाही. साग, खैर, मोह. हा मुलूख १७८३ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे आणि अजून तीन महिने राहणार आहे. तिकडे पुण्या-मुंबईत मुक्तीची जुळवाजुळव चालू आहे. सुधीर फडके त्यात आहेत, आणि शस्त्रांसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला आहे. त्या काळातले लताबाईंचे फोटो आठवा: पांढरी साडी आणि दोन लांब वेण्या. २२ जुलैला दादरा सुटेल, २ ऑगस्टला सिल्वासा.

वारली पाड्यावर यातलं काही पोचलेलं नाही. इथे लग्न आहे. कुडाच्या घरात शेणाने सारवलेल्या, गेरूने माखलेल्या भिंतीपुढे सवाशिणी बसल्या आहेत. तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी, आणि दातांनी चावून कुंची केलेली बांबूची काडी. चौक लिहिला जातो आहे, आत पालघट देवी. चौकाच्या आसपास सूर्य, चंद्र, शिडी, आणि हे बघा, फणी. देवीच्या चौकात केस विंचरायची फणी! आमच्याकडे देवघरात कंगवा पडला तर आजी ओरडायची.

एक सवाशीण आता माणसं काढू लागते. दोन त्रिकोण टोकाला टोक, त्यावर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. बाप्या आणि बाई दिसायला सारखेच. मग ती बाईच्या डोक्याला मागे एक बारका गोल टेकवते. अंबाडा. झाली बाई. नाक नाही, डोळे नाहीत, साडी नाही, दागिना नाही. मागून दिसणारी गोष्ट सपाट भिंतीवर कशी दाखवायची या कोड्यावर कलाशाळेतल्यांनी डोकं खाजवावं, आणि इथे ते बाजूच्या एका ठिपक्यात सोडवून ती पुढच्या माणसाकडे वळलीसुद्धा.

"बसा ना," ती म्हणते, वर न बघता. तुम्ही बसता. आता तिची मान तुमच्यासमोर आहे. मोहाच्या बियांच्या तेलाने चप्प बसवलेले केस, मानेवर आवळलेली गाठ, त्यात खोचलेलं एक रानफूल. भिंतीवरचा ठिपका आणि ही गाठ यांत अंतर वीतभराचं. या डोक्यासाठी मसाटचीच माती घ्या, गेरू लावा, केसांचा धागा काळा रंगवू नका. पांढराच ठेवा, पिठासारखा.

पुढची वीसेक वर्षं या भिंतींकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन येतात, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागतात, आणि वारली चित्र जगभर जातं. म्हसे मोठे कलावंत, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, यात शंकाच नाही. पण चौक लिहिणाऱ्या त्या सवाशिणींची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत, आणि हा ठिपक्याचा अंबाडा तर त्यांचाच.

१९६०. मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं आहे आणि थिएटरला 'लव्ह इन शिमला' लागला आहे. साधना शिवदासानीचं कपाळ दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना रुंद वाटलं, म्हणून ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिच्या कपाळावर केसांची झालर कापली गेली. तुम्ही पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका घरात आहात. कॉलेजातली मुलगी मोरीतल्या आरशासमोर कात्री घेऊन उभी आहे.

"अगं ए, कुमारिकेने केस कापायचे नसतात!"

"आई, पुढचेच कापतेय. मागे वेणी आहे तशीच आहे."

नेमकं हेच. मागे आईची तीन पेडांची वेणी, पुढे साधना कट. आपल्या ओळीतली ती पहिली मुलगी जिची केशरचना तिला स्वतःला आरशात दिसते, आणि पहिली जिला ती करायला पाठीमागे कुणी लागत नाही. आईला याचंच वाईट वाटलं असावं. कात्रीचं निमित्त. आपल्या हातातून काहीतरी गेलं हे तिला कळलं. मला तिची बाजू कळते, पण मी मुलीच्या बाजूचा आहे: रोज सकाळी भुवया ताणल्या जाईपर्यंत कुणीतरी आपली आगवळ आवळावी, यात माया असली तरी सुख नव्हतं.

साठीचं दशक केसांच्या उंचीचं. उलटा कंगवा मारून, आत जाळी किंवा स्पंज घालून अंबाडा डोक्यावर चढवला जातो. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून बघा, नवरा-नवरी दिसणार नाहीत. या डोक्याला कोंबडीजाळी लागेल, आतून तारेचा सांगाडा, आणि धागा भरपूर. पोतं इथे निम्मं होतं.

पुढचं भराभर. शाळेतल्या दोन घड्या घातलेल्या वेण्या आणि लाल रिबिनी. बॉबकट, बॉयकट, स्टेपकट. गल्लोगल्ली ब्यूटी पार्लर, बहुतेक एखाद्या बाईच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, दारावर पडदा. मग क्लचर, सागरवेणी, स्ट्रेटनिंग. त्यात एक गंमत बघा: ज्या दशकांत मसाटमध्ये सरळ धागा तापवून कुरळा करणारी यंत्रं लागत होती, त्याच्या पुढच्याच काळात शहरातल्या मुली कुरळे केस तापवून सरळ करून घेऊ लागल्या. या डोक्यासाठी तुम्हाला पॉयच लागेल, न पिळलेला. भंगारवाल्याकडे तो वेगळा मागावा लागतो.

एक प्रश्न उरतो आणि तो सामग्रीचा आहे. खरे केस का नाही? बंगळूरच्या शीला गौडा यांनी २००९ मध्ये तेच केलं. देवळात नवसाने उतरवलेल्या केसांचे दोर आपल्याकडे दक्षिणेत गाड्यांच्या बंपरला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. तसे हजारो मीटर लांबीचे दोर त्यांनी भिंतीवर सोडले आणि त्यांच्या वेटोळ्यांत मोटारींचे पोलादी बंपर लटकवले. 'बिहोल्ड' नावाचं ते शिल्प आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यापुढे उभं राहिलं की केस कुणाचे हा प्रश्न टाळता येत नाही. तिथे तो प्रश्न हवाच आहे. तुमच्या ओळीत तो आला तर आकार दिसेनासे होतील, प्रत्येक डोक्यापुढे माणूस विचारत बसेल की हे कुणाचे. शिवाय १८९० च्या त्या डोक्याशेजारी कापलेले खरे केस ठेवणं मला सहन होणार नाही. धागाच बरा. तो कुणाच्या डोक्यावरून उतरवलेला नाही, आणि तो मसाटचा आहे, इथल्या कामगारांच्या हाताखालून गेलेला.

ओळ लावून झाली की भिंतीपासून तीन-चार फूट जागा सोडा. लोक मागून बघतील, आणि मग त्यातला एखादा हमखास पलीकडे जाऊन चेहरा शोधेल. तिथे काही करू नका. डोळे, नाक, ओठ काही नको. त्या सवाशिणीला लागलं नाही, तुम्हाला का लागावं?

आणि हे शिल्प तुम्ही कराल न कराल, एक काम मात्र या आठवड्यात करा. घरात आजी, आत्या, मावशी, कुणी जुन्या पद्धतीने अंबाडा घालणारी असेल तर तिचा फोटो काढा, पण मागून, आणि केस बांधतानाचा, हात दिसतील असा. तुमच्या मोबाइलमध्ये तिचे शेकडो फोटो असतील, सगळे समोरून. फोटोखाली तिचं नाव, गाव, ती या अंबाड्याला काय म्हणते, आणि तो तिला कुणी घालायला शिकवला, एवढं लिहून ठेवा. ती म्हणेल, "अरे, पाठीचा कसला फोटो काढतोस?" तरी काढा.